सांभार (कोथिंबीर) चिकट, पालक पिवळा, मेथी वाळलेली: फ्रिज असूनही भाजी का टिकत नाही आणि नागपुरात काय करायचं

प्रॉब्लेम सगळ्यांचा सारखाच आहे. रविवारी कॉटन मार्केटातून आठवड्याची भाजी आणायची, फ्रिजच्या खालच्या ड्रॉवरमध्ये भरायची आणि तीनचार दिवसांनी पाहावं तं सांभाराची जुडी काळी पडून राहिली, पालकाला पाणी सुटलं, नाहीतर मेथी पार कागदासारखी. मग कोणी म्हणतं कागदात गुंडाळा, कोणी म्हणतं ओल्या फडक्यात ठेवा, कोणी घट्ट डब्यात, कोणी ग्लासात पाणी घालून उभी करा. सांगणारे खरंच बोलून राहिले असतात, त्यांच्याकडे ते चाललेलं असतं, पण मे महिन्यात चाललेला उपाय ऑगस्टमध्ये भाजी सडवतो आणि ऑगस्टवाला उपाय मे महिन्यात भाजी वाळवतो. पुण्या-मुंबईच्या टिप्स इथं अर्ध्याच लागू होतात त्याचं कारण हेच, आपल्याकडं एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत हवा हाडासारखी कोरडी आणि जुलै-ऑगस्टात कपडे वाळत नाही इतकी ओली.

म्हणून उपाय बदलायच्या आधी भाजी मेली कशी ते पाहा. जुडी हातात घ्या. चिकट, काळपट, वास येतो, देठाजवळ बुळबुळीत लागते तं ती सडली, म्हणजे पानांवर मोकळं पाणी साचून राहिलं आणि त्याच्यात जिवाणू वाढले. मऊ पडली, लोंबली, पानं पातळ होऊन चुरगळली पण वास नाही, तं तिच्या आतलं पाणी उडालं. पिवळी पडली पण कोरडीच आहे, तं एकतर आणतानाच जुनी होती नाहीतर शेजारी पिकणारं फळ होतं. आणि पानाचा एखादाच भाग आधी काचेसारखा पारदर्शक आणि मग काळा झाला असेल तं ते पान फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकून गोठलं होतं. चार वेगळे आजार आहेत हे, आणि पहिल्या दोघांचं औषध एकमेकांच्या एकदम उलटं आहे, सडणाऱ्या भाजीला ओलं फडकं गुंडाळलं की ती एका दिवसात जाते.

आता मूळ गोष्ट. तोडलेली पालेभाजी जिवंत असते, श्वास घेत असते, स्वतःचीच साखर जाळत असते आणि गरमी सोडत असते. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा श्वास साधारण दुप्पट-तिप्पट होतो. म्हणजे ३५ अंशात भाजी जेवढी एका तासात म्हातारी होते तेवढी व्हायला फ्रिजमध्ये चांगला अर्धा दिवस लागतो. म्हणून उन्हाळ्यात भाजीचं निम्मं नुकसान फ्रिजच्या बाहेरच होऊन जाते, दुकानात, रस्त्यावर, गाडीच्या डिक्कीत. दुपारी बारा वाजता घेतलेली जुडी डिक्कीत टाकून दोन ठिकाणी थांबत घरी आणली तं त्या जुडीला पुढं कुठलाच डबा वाचवत नाही. सकाळी लवकर घ्या, कळमन्याच्या घाऊक बाजारातून माल निघून भाजीबाजारात उतरतो तेव्हाच. पालेभाजी सगळ्यात शेवटी घ्या, पिशवीत सगळ्यात वर ठेवा, आणि घरी आल्यावर "नंतर निवडू" म्हणून ओट्यावर ठेवू नका. निवडायला वेळ नसेल तं तशीच आत टाका, संध्याकाळी निवडा.

घेताना जुडीचं बुड पाहायची सवय लावा. कापलेलं देठ ओलं आणि फिकट असेल तं ताजी, तपकिरी आणि सुकलेलं असेल तं ती कालची किंवा परवाची आहे, वरून कितीही पाणी मारून हिरवीगार दिसत असली तरी. जुडीच्या मधोमध बोट घालून पाहा, गरम लागली तं ती आतून उबून राहिली आहे, सोडून द्या.

आणि ते वरून मारलेलं पाणी. भाजीवाला तरी काय करेल, उन्हात माल कोमेजू नये म्हणून तो सारखा पाणी शिंपडतो, त्याच्याशिवाय त्याची भाजी दहा वाजेपर्यंतही टिकणार नाही. पण तीच ओली, कोमट जुडी आपण पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत, घालून गाठ मारतो आणि तशीच फ्रिजमध्ये ठेवतो, मग आत वाफ धरते, पन्नीला थेंब सुटतात आणि ते परत पानांवर पडतात. सांभार चिकट होण्याचं सगळ्यात मोठं कारण हे एकच आहे. फ्रिजचा दोष नाही, कंपनीचा दोष नाही.

तेव्हा आणल्याबरोबर पहिले सुतळी किंवा रबर काढा, कारण सड नेहमी बांधलेल्या जागी सुरू होते. पिवळी, तुटलेली, काळी टोकं असलेली पानं काढून टाका, एक सडकं पान सगळ्या जुडीला लावते. माती लागलेली मुळं कापून टाका. धुवू नका. मग जुनी सुती चादर किंवा धोतराचं फडकं पसरून त्याच्यावर भाजी मोकळी करा. मे महिन्यात पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटं बस झाली, त्याच्यापेक्षा जास्त ठेवली तं वरचं पाणी संपून आतलं उडायला लागते, तिथंच उभं राहून लक्ष ठेवा. पावसाळ्यात मात्र तासभर पंखा लावला तरी ओल जात नाही, तेव्हा टॉवेलात सैल गुंडाळून हलक्या हातानं दाबून पाणी टिपून घ्या, मग पसरा.

ठेवायचं कसं ते आता ऋतूप्रमाणे. उन्हाळ्यात स्टीलचा किंवा प्लास्टिकचा झाकणाचा डबा, खाली सुती फडकं, भाजी न दाबता, वरून अजून एक फडकं, आणि हे वरचं फडकं पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं, हाताला नुसतं गार लागेल एवढंच ओलं. झाकण लावून टाका. सध्याचे बहुतेक फ्रिज पंखेवाले असतात, बर्फ साचू नये म्हणून आत कोरडी हवा फिरत राहते, त्याच्यात नुसत्या जाळीच्या किंवा कापडी पिशवीत ठेवलेली मेथी दोन दिवसात वाळतेच. पावसाळ्यात तोच डबा, पण दोन्ही फडकी कोरडी, झाकण किंचित उघडं, आणि एक दिवसाआड फडकं बदलायचं. हे बदलणं लोक टाळतात. ओलं झालेलं फडकं तसंच राहिलं की मग ते फडकंच जिवाणूंचं घर होते. हिवाळ्यात दोन्हीच्या मधलं चालते, आणि हिवाळ्यात भाजी एवढी चांगली येते की फारसं डोकं लावावंच लागत नाही.

कागदाबद्दल एक. वर्तमानपत्रात भाजी गुंडाळू नका, त्याची शाई ओल्या पानांना लागते आणि खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधू नये असं एफएसएसएआयनंही, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानंही, सांगितलेलं आहे. कोरा कागद किंवा टिश्यू वापरा, नाहीतर सुती फडकंच सगळ्यात बरं, धुऊन परत वापरता येते.

सांभार ग्लासात उभा करायची पद्धत चांगली आहे पण ती फ्रिजच्या आत. देठं बोटभर पाण्यात, पानं पाण्याच्या वर, वरून पन्नी सैल टाकलेली, पाणी एक-दोन दिवसांनी बदललेलं. ओट्यावर ठेवून मे महिन्यात काही उपयोग नाही, पाणीच कोमट होते.

फ्रिजचं आता. पालेभाजीला खरं तर शून्य ते दोन अंश आवडतात, घरचा फ्रिज चार-पाच अंशांवर असला तरी पुष्कळ झालं. पण आपला फ्रिज खरंच तेवढ्यावर आहे का हे कोणी पाहत नाही. साधा थर्मामीटर (ताप मोजायचा नाही, खोलीचं तापमान दाखवणारा) पाण्याच्या ग्लासात टाकून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्याबरोबर वाचा. सात-आठ दाखवत असेल तं तिथंच भाजीचं आयुष्य अर्धं झालं. फ्रिजच्या मागे किंवा आत जो स्टिकर असतो त्याच्यावर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो, टी म्हणजे ट्रॉपिकल, आणि हा क्लास बाहेरच्या ४३ अंशांपर्यंत धरलेला असतो. नागपूरचा पारा ४५ च्या वर जाणं नवीन नाही, २३ मे २०१३ ला तं ४७.९ नोंदवला गेला होता. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला चिकटवलेला, शेजारी गॅस पेटलेला फ्रिज नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, धापाच टाकणार. मागे वीतभर जागा सोडा, उन्हाच्या भिंतीपासून हलवा, जमत असेल तं ज्या खोलीत कूलर चालते तिकडं नेऊन ठेवा. दाराच्या रबरात एक नोट धरून दार लावा, नोट सहज ओढून निघाली तं रबर सैल झालं. आणि उन्हाळ्यात पिण्याचं पाणी माठात ठेवा. दर पंधरा मिनिटांनी बाटलीसाठी दार उघडलं की भर दुपारी फ्रिज थंडच होत नाही, आणि भुगतते कोण तं खालच्या ड्रॉवरमधली भाजी.

त्या ड्रॉवरला एक छोटी सरकपट्टी असते, बहुतेक घरी ती आली तशीच पडून असते. बंद केली की आत ओल टिकते, पालेभाजीला ती बंद पाहिजे. उघडी केली की हवा खेळते, ती फळांसाठी. दोन्ही एकाच ड्रॉवरमध्ये कोंबले की कोणाचंच भलं होत नाही, कारण केळी, आंबा, पपई, सफरचंद, पेरू, टमाटर हे पिकताना इथिलीन वायू सोडतात आणि त्याच्यानं पालक पिवळा पडतो, काकडी पिवळी होते, गाजर कडवट होते. आंब्याची पेटी घरी असली की तिच्या शेजारी काहीच हिरवं ठेवू नका. संत्र्याचं तसं नाही, संत्रा स्वतः फारच कमी इथिलीन सोडतो, पण थैलीत एक जरी संत्रा हिरव्या-निळ्या बुरशीनं धरला तरी ती बुरशी आणि तो वायू दोन्ही सगळीकडे पसरतात. अंबिया बहाराचा संत्रा असो की मृग बहाराचा, थैली आणली की लगेच टोपलीत मोकळी करा, साल फुटलेले आणि पिचलेले आधी खाऊन टाका.

आता सगळ्यात अवघड भाग. टमाटर, वांगी, काकडी, भेंडी यांना जास्त थंडी सोसत नाही. दहा अंशांच्या खाली दिवस काढले की वांग्यावर तपकिरी खड्डे पडतात आणि आतलं बी काळं होते, काकडी पाणचट होते, भेंडी काळवंडते, टमाटराची चव मरते. म्हणून पुस्तकात लिहिलेलं असते की हे बाहेर ठेवा. बरोबर आहे, पण ते बाहेर म्हणजे पंचवीस अंश. आपल्याकडं मे महिन्यात स्वयंपाकघरात चाळीस असते, आणि टमाटर तिशीच्या वर नीट लालही होत नाही, पिवळट-केशरीच राहून जातो, कारण लाल रंग देणारं लायकोपीन त्या गरमीत बनतच नाही. माझं मत असं की उन्हाळ्यात पिकलेले टमाटर फ्रिजच्या दारात किंवा सगळ्यात कमी थंड कप्प्यात ठेवा आणि दोनतीन दिवसात संपवा, कच्चे असतील तं कूलरच्या खोलीत ठेवा. भेंडी-वांगी कोरड्या फडक्यात, तीही दारात, आणि थोडीच आणा.

ज्यांच्याकडं अंगण आहे, गच्चीवर सावली आहे, त्यांनी मात्र वाळूचा उपाय करूनच पाहावा. मोठ्या माठात किंवा कुंडीत वाळू घालायची, तिच्यात छोटा माठ बसवायचा, मधल्या जागेत सगळीकडून वाळू भरायची, सकाळ-संध्याकाळ ती वाळू ओली करायची, आतल्या माठात भाजी ठेवून तोंडावर ओलं गोणपाट टाकायचं. पाणी उडताना गरमी घेऊन जाते, माठातलं पाणी गार होते तेच. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात ह्याच तत्त्वावर विटांचा शीतकक्ष तयार केला होता, विटांच्या दोन भिंती, मधल्या साडेसात सेंटिमीटरच्या फटीत ओली वाळू, वीज शून्य. कडक कोरड्या उन्हात आतलं तापमान बाहेरपेक्षा दहा-पंधरा अंशांनी कमी राहते आणि ओल नव्वद टक्क्यांच्या आसपास. म्हणजे वांगी, टमाटर, भेंडी, काकडी, ढेमसं यांना जे पाहिजे नेमकं तेच. नागपूरचा कोरडा उन्हाळा ह्याच्यासाठी एकदम योग्य आहे, जेवढी हवा कोरडी तेवढा गारवा जास्त. पाऊस लागला की बंद करा, हवेतच ओल असली की पाणी उडत नाही, मग आत नुसती बुरशी धरते.

आलू आणि कांदे फ्रिजमध्ये नको. आलू थंडीत गोड होतो आणि तळला की काळपट पडतो. दोघं अंधारात, हवेशीर, पण वेगवेगळ्या टोपल्यांत. हिरवा पडलेला आलू खाऊ नका.

आता पोषणाचं, कारण हिरवी दिसते म्हणजे सगळं शाबूत आहे असं नाही. सगळ्यात आधी जाते ते क जीवनसत्त्व, त्याच्या मागे फोलेट. गरमीनं जाते, पाण्यात विरघळून जाते, आणि पान चिरलं-चुरगळलं की हवा लागून जाते. कोमेजलेली मेथी गार पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवली की परत तरतरीत होते, तसं जरूर करा, भाजी टाकून देण्यापेक्षा कितीतरी बरं, पण पाणी परत आलं तरी गेलेलं क जीवनसत्त्व येत नाही. चिकट झालेली मात्र धुऊन वापरू नका, त्यातली चांगली पानं वेगळी निघत असतील तं काढा, त्याच दिवशी शिजवा, बाकी खतात टाका.

नोकरी करणाऱ्यांना मी नेहमी सांगते की रविवारी निवडून ठेवा, पण चिरून ठेवू नका. मेथीची पानं खुडून ठेवली तं चालते, बारीक चिरलेला पालक डब्यात तीन दिवस ठेवला तं नाही. धुवायचं ते चिरायच्या आधी, मोठ्या गंजात (पातेल्यात) भरपूर पाण्यात भाजी बुडवून हलवायची आणि वर उचलून घ्यायची, पाणी ओतायचं नाही, माती खाली राहते, असं पाणी स्वच्छ निघेपर्यंत. पावसाळ्यात हे आणखी जपून, आणि तेव्हा पालेभाजी कच्ची खाऊच नका. तरोटा, घोळ ह्या रानभाज्या तं आणल्या त्याच दिवशी करा, त्या ठेवायच्या नाहीतच.

शिजवताना आपली डाळभाजी पाहा किती हुशारीची आहे. पालक किंवा चुका डाळीत शिजतो, पाणी फेकलं जात नाही, जे विरघळलं ते ताटातच येते, वरून तेलाची फोडणी असते म्हणून अ जीवनसत्त्व बनवणारं कॅरोटीन अंगी लागते, ते तेलाशिवाय नीट लागत नाही. त्याच्यावर ताटात लिंबू पिळलं की पालेभाजीतलं लोह जास्त शोषलं जाते. फक्त जेवण झाल्या झाल्या चहा घेऊ नका, चहातलं टॅनिन तेच लोह अडवते, तासभर थांबा. हिरवा रंग राहावा म्हणून सोडा टाकतात ते बंद करा, सोड्यानं क जीवनसत्त्व आणि थायमिन दोन्ही जातात. सांभार गॅस बंद केल्यावर टाका, देठांसकट. पालक उकळून पाणी फेकल्यानं ऑक्झलेट कमी होते हे खरं आहे, पण त्याच्याबरोबर बाकीचंही वाहून जाते, ज्यांना मुतखड्यामुळं डॉक्टरांनी सांगितलं त्यांनीच ते करावं.

सीझनमध्ये स्वस्त मिळते तेव्हा साठवायचं असेल तं फ्रीजर आहे. जानेवारीत तुरीचे सोले, मटार घरोघरी येतात. उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, पूर्ण कोरडे करून ताटात पसरून गोठवा आणि मग पिशवीत भरा, म्हणजे गोळा होत नाही. त्या दोन मिनिटांनी रंग-चव बिघडवणारे एंझाइम थांबतात, ते केलं नाही तं फ्रीजरमध्येही हळूहळू बिघडत राहते. दाणे त्याच दिवशी सोलून असे गोठवले तं आठ दिवस ड्रॉवरमध्ये लोळलेल्या शेंगांपेक्षा पोषण जास्तच राहते. सांभार उकळायचा नाही, सांभारवडीसाठी आणलेला उरला तं लिंबू घालून चटणी वाटा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. मेथी वाळवायची तं सावलीत, मे महिन्यात सावलीतही दीड-दोन दिवसात कुरकुरीत होते, उन्हात टाकली तं रंग आणि कॅरोटीन दोन्ही उडतात.

हे सगळं करूनही दोन दिवसात चिकटच होऊन राहिली असेल तं ड्रॉवर बाहेर काढून नाकाशी धरा. वास येत असेल तं जुनी सड कोपऱ्यात आणि खाचांत बसली आहे आणि नवीन जुडीला लागून राहिली आहे. साबणाच्या कोमट पाण्यानं घासा, ड्रॉवरच्या खालची जागाही पुसा, तिथं पाणी साचते आणि कोणी पाहत नाही, उन्हात पूर्ण वाळवा, फडकी उकळून घ्या, मग भाजी भरा. त्याच्यानंतरही तेच झालं तं भाजी आणतानाच जुनी आहे, दुकान किंवा वेळ बदला, आणि उन्हाळ्याचे दोन महिने तरी आठवड्याच्या एका मोठ्या बाजाराऐवजी दोन छोटे करा, पालेभाजीपुरते.